मुंजाचा बांध : गुन्हेगारीपटातील काल्पनिक पात्र आणि ओळखीचा प्रश्न

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला साहित्यशास्त्र शिकविणारे एक प्राध्यापक ‘निवेदक’ या संकल्पनेचे विवेचन कादंबरीपासून सुरू न करता एका अमेरिकन गुन्हेगारीपटापासून सुरू करीत असत. क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी लिहिलेला आणि ब्रायन सिंगर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द यूझुअल सस्पेक्ट्स’ (१९९५) हा तो चित्रपट. केज, परळी, धारूर, माजलगाव या भागांतून आलेल्या विद्यार्थ्यांना आधी कथानकाचा सांगाडा मराठीतून सांगावा, मग चित्रपट दाखवावा, आणि अखेरच्या काही मिनिटांनंतर वर्गात जी शांतता पसरे तिच्यातून चर्चेला आरंभ करावा, असा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता.

कथानक थोडक्यात असे. बंदरातील एका जहाजावर हत्याकांड होते, आग लागते. दोनच जण वाचतात : भाजलेल्या अवस्थेत रुग्णालयात पडलेला एक हंगेरियन, आणि पायाने अधू असलेला व्हर्बल किंट नावाचा किरकोळ ठग. किंटला माफी मिळालेली आहे. सुटकेपूर्वी कुयान नावाचा सीमाशुल्क खात्याचा अधिकारी उसन्या घेतलेल्या एका कचेरीत त्याची जबानी घेतो. या जबानीत कैसर सोझे अवतरतो. त्याला कोणी धडपणे पाहिलेले नाही, पण सारे गुन्हेगारी जग त्याच्या नावाने थरकापते. किंट निघून गेल्यावर कुयानची नजर समोरच्या सूचनाफलकावर जाते, आणि जबानीतील नावे व तपशील त्या फलकावरून उचललेले असल्याचे त्याला कळते. सोझेचा वकील म्हणून वर्णिलेला कोबायाशी हे तर कॉफीच्या कपाच्या बुडाशी छापलेले नाव निघते. त्याच वेळी रुग्णालयातील जखमीच्या सांगण्यावरून काढलेले सोझेचे रेखाचित्र फॅक्सवर उमटते. चेहरा किंटचा असतो. रस्त्यावर लंगडत जाणाऱ्या माणसाचे पाऊल हळूहळू सरळ पडू लागते.

दरवर्षी प्रश्न एकच येई : मग सोझे आहे की नाही? प्राध्यापक प्रथम या प्रश्नाची फोड करीत. किंट हाच सोझे, हे एक उत्तर. सोझे ही किंटने रचलेली दंतकथा असून चतुर ठगाने ती अंगावर घेतली, हे दुसरे. सोझे नावाचा कोणी पूर्वी होऊन गेला आणि आता त्या नावाखाली कोणीही वावरू शकतो, हे तिसरे. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये मांडलेली अविश्वसनीय निवेदकाची कल्पना ते येथे आणीत. गुन्हेगारी कथेत एक कथा गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची असते, हे तोदोरॉव्ह यांचे प्रतिपादन सांगून, या चित्रपटात तपासाच्या कथेनेच गुन्ह्याची कथा कशी गिळून टाकली आहे ते दाखवीत. रोलाँ बार्थ यांच्या मताचा आधार घेऊन विशेषनाम हा गुणांना चिकटवून ठेवणारा डिंक असतो, असे म्हणत. सोझेच्या बाबतीत डिंक आहे, गुण आहेत, फक्त ज्या देहावर ते चिकटवायचे तो देह नाही.

आपल्या काव्यशास्त्रातील दोन अलंकारांची आठवणही ते याच तासाला करून देत. भ्रांतिमानात पाहणारा निःशंक असतो. मुखाला कमळ समजून भुंगा झेपावतो. ससंदेहात पाहणारा अडखळतो. हे मुख की चंद्र, असे त्याला होते. चांगला गुन्हेगारीपट प्रेक्षकाला भ्रांतिमानातून ससंदेहात आणून सोडतो, असे त्यांचे सूत्र होते. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) त्यासाठी उपयोगी पडे. त्यात आरोपी स्त्री आपण वकिलाची पत्नी असल्याचे सांगते. पत्नी तर मृत झालेली आहे. तिच्या तोंडची जुळ्या बहिणीची गोष्ट प्रथम बनावट वाटते आणि अखेर खरी ठरते. न्यायालयात सांगितलेली गोष्ट पडद्यावर दिसू लागली की ती घडलेली असणार, हा प्रेक्षकाचा विश्वास ‘पाठलाग’ सांभाळतो; ‘द यूझुअल सस्पेक्ट्स’ त्याच विश्वासाचा घात करतो. दोन्ही चित्रपटांत प्रेक्षकाला फसविते ते पात्र नसून पूर्वदृश्य नावाची पद्धत आहे, एवढे लक्षात आले की तासाचे काम झाले, असे ते मानीत.

संदिग्ध ओळख हा विषय त्या गावाला तसा नवा नव्हता. ‘विवेकसिंधू’कार मुकुंदराज मराठवाड्यातील अंबाजोगाईचे की विदर्भातील आंभोऱ्याचे, या वादावर मराठीच्या अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. समाधी गावात असूनही ओळखीचा वाद मिटत नाही, हे पाहत प्राध्यापकांची हयात गेली होती. तेव्हा संदिग्धता ही त्यांच्या लेखी दुःखाची गोष्ट नव्हती. ती अर्थसमृद्धीची खूण होती. सोझेविषयीच्या तिन्ही उत्तरांना ते सारखाच मान देत आणि प्रश्न मोकळा ठेवून तास संपवीत.

ही घडी एका विद्यार्थिनीने मोडली. माजलगाव तालुक्यातील, गोदाकाठच्या एका खेड्यातून ती येत असे. चर्चा संपत आली असता ती उठून म्हणाली, “सर, आमच्या रानात मुंजा आहे. त्याला आजपर्यंत कुणी पाहिलेलं नाही. पण भावकीत बांधाचं भांडण लागलं की त्याच्या दगडापासून मोजतात. आमचे दोन काके त्याच्या पायी बोलत नाहीत. मग तो काल्पनिक कसा म्हणायचा?”

वर्ग हसला. प्राध्यापकांनी मुंजाच्या लोकसमजुतीची माहिती दिली : मुंज झालेला, पण लग्नाआधी मेलेला मुलगा, पिंपळावरचा वास, झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड. हे सारे बरोबर होते, पण मुलीने ते विचारलेले नव्हते. मुंजा आहे का, असे तिने विचारले नव्हते. जो नाही त्याच्या नावाने जमीन मोजली जाते, या गोष्टीला समीक्षेत काय म्हणतात, हा तिचा प्रश्न होता. प्राध्यापकांजवळ तयार उत्तर नव्हते. त्या रात्री त्यांना जे आठवले ते कोणत्याही पुस्तकातले नव्हते.

१९७३ साली ते आठ वर्षांचे होते. त्यांचे घरही माजलगाव तालुक्यातच, गोदावरीच्या दक्षिण अंगाला. नदी हीच तेथे जिल्ह्याची सीमा. पलीकडे परभणी जिल्हा, पाथरी, मानवत. १९७२चा दुष्काळ अजून सरलेला नव्हता. वडीलधारी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि मुले दिवसभर म्हाताऱ्यांच्या हवाली असत. अशात पलीकडून बातम्या येऊ लागल्या. मानवतला पोरी मारल्या जात होत्या. कोण मारतो ते कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून प्रत्येक गावाने त्याला आपापले रूप दिले. कोणी म्हणे साधू आहे, कोणी म्हणे पोरं धरणारी बाई आहे, कोणी म्हणे धन काढणारी टोळी जीपमधून हिंडते. आजी एवढेच म्हणे, “पलीकडं काहीतरी फिरतंय.” त्या ‘काहीतरी’ला लिंग नव्हते, जात नव्हती, तोंडही नव्हते.

थोरली बहीण सातवीत होती. शाळा शेजारच्या गावी, वाट पिंपळाखालून. एके सकाळी आजीने तिचे दप्तर कणगीवर टाकले. “हे निवळू दे, मग जा.” पुढे अटका झाल्या, भीती ओसरली, मुलगे पुन्हा त्या वाटेने जाऊ लागले. बहिणीचे दप्तर मात्र खाली आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले.

मानवतच्या प्रकरणाची सार्वजनिक नोंद आज उपलब्ध आहे. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात तेथे दहा खून झाले. मृतांत लहान मुली होत्या, प्रौढ स्त्रिया होत्या, एक तान्हे मूल होते. मुंबईहून गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपास केला. अभियोग पक्षाचे म्हणणे असे की, पिंपळावरच्या मुंजाला संतुष्ट करावे, गुप्तधन हाती यावे आणि अपत्यप्राप्ती व्हावी, या हेतूने कुमारिकांचे रक्त मिळविण्यात आले. खटल्याचा मोठा भार माफीच्या साक्षीदारांवर होता. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांकडे बोट दाखविले गेले ते वरिष्ठ न्यायालयांत निर्दोष ठरले. अन्य काही आरोपींवरील दोषसिद्धी टिकली. ‘दगडू व इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७चा निवाडा माफीच्या साक्षीदाराच्या विश्वासार्हतेसंबंधी आजही आधाराला घेतला जातो.

हा निवाडा प्राध्यापकांनी मिळवून वाचला तेव्हा आपण कायद्याचा नव्हे, निवेदनशास्त्राचाच ग्रंथ वाचीत आहोत असे त्यांना वाटले. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमात दोन तरतुदी होत्या. कलम १३३ सांगे की, गुन्ह्यातील साथीदार हा सक्षम साक्षीदार असून, केवळ त्याच्या अपुष्ट साक्षीवरून शिक्षा झाली एवढ्यानेच ती बेकायदा होत नाही. कलम ११४चा ‘ब’ दृष्टांत सांगे की, महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याखेरीज साथीदार विश्वासास पात्र नाही असे न्यायालय गृहीत धरू शकते. या दोहोंत विरोध नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले : पहिला कायद्याचा नियम, दुसरा विवेकाचा. शिवाय पुष्टी केवळ गुन्हा घडल्याबद्दल असून भागत नाही. ज्याच्याविरुद्ध साक्ष आहे त्या प्रत्येक आरोपीचा गुन्ह्याशी असलेला संबंध तिने दाखवावा लागतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तर कलम १३८ मध्ये पुष्टी मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख करून हा विवेक कायद्याच्या शब्दांत घेतला आहे.

साथीदार निवेदक म्हणजे कथेतल्या घटनांत ज्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत आणि सांगण्याच्या मोबदल्यात ज्याला काही मिळणार आहे असा निवेदक. व्हर्बल किंट हा अगदी अर्थाने माफीचा साक्षीदार आहे. बूथ यांनी अविश्वसनीय निवेदक ओळखावा कसा ते सांगितले. त्याच्या कथेचे पुढे करायचे काय, हे न्यायालयाने सांगितले. साहित्याचा वाचक त्याच्या कथेचा आस्वाद घेऊन थांबू शकतो. न्यायाधीशाला तसे थांबता येत नाही, कारण त्याच्या वाचनाच्या अखेरीस कोणीतरी फासावर जातो किंवा घरी जातो.

या कसोटीवर चित्रपट पुन्हा लावला तेव्हा प्राध्यापकांना इतक्या वर्षांत न दिसलेली एक गोष्ट दिसली. फॅक्सवरचे रेखाचित्र ही पुष्टी आहे. ती किंटच्या जबानीतून आलेली नाही. स्वतंत्र साक्षीदाराकडून आलेली आहे. पण ती कशाची पुष्टी आहे? जखमीने जहाजावर ज्याला पाहिले आणि सोझे म्हणून ओळखले त्याचा चेहरा किंटचा होता, एवढ्याचीच. सोझेचा पूर्वेतिहास, त्याने शत्रूंसमोर स्वतःच्याच बायकामुलांना मारल्याची कथा, सर्वत्र पसरलेले त्याचे हात, यांपैकी कशालाही ती आधार देत नाही. म्हणजे चेहरा सिद्ध झाला आणि नाव सिद्ध झाले नाही. ‘किंट हाच सोझे’ या वाक्यातले पहिले पद प्रत्यक्षात आहे, दुसरे ऐकीव. प्रेक्षक मात्र चेहऱ्याच्या पुष्टीलाच कथेची पुष्टी समजतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. ससंदेहाच्या शेवटी त्याला नवी भ्रांती मिळते.

मग सोझे या नावाचे कार्य काय? जहाजावर प्रेते पडलेली आहेत. ती कोणी पाडली या प्रश्नापाशी कथा आली की प्रत्येक वेळी ते नाव पुढे होते आणि नाव उच्चारणारा मागे सरतो. मानवतच्या प्रकरणात मुंजाचे कार्य वेगळे नव्हते. न्यायालयासमोर जे आले त्यात मुंजाच्या अस्तित्वाचा पुरावा कोणी मागितला नाही, मागण्याचे कारणही नव्हते. तो कटाच्या व्याकरणातला असा कर्ता होता की ज्याच्यामुळे बाकी सारे केवळ करण ठरत. ‘आम्ही मारले’ या वाक्याचे ‘त्याला हवे होते’ असे रूपांतर करणे, हेच त्याचे काम. दोरीवर साप दिसणे ही अद्वैत्यांची आवडती उपमा. ‘विवेकसिंधू’च्या गावात ती नव्याने सांगायला नको. साप मिथ्या असला तरी अंगाला सुटलेला कंप मिथ्या नसतो, इथवर सारे येतात. सापाच्या नावाने कोणी काठी उगारली आणि ती भलत्याच्याच डोक्यात बसली तर काय, हा पुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हे प्रकरण पडद्यावर आणण्याचा प्रयत्न लवकर झाला. अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘आक्रीत’ (१९८१) त्यावर आधारलेला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची. १९७३ ते १९७५ या काळात नेहरू शिष्यवृत्तीवर हिंसेच्या आविष्कारांचा अभ्यास केलेल्या लेखकाला या विषयाने ओढून घ्यावे यात नवल नाही. नावे बदलली गेली. मुकुटराव आणि रुही या भूमिका अमोल आणि चित्रा पालेकरांनी केल्या. फ्रान्समधील नाँत येथील महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला.

येथे गुन्हेगारीपटाची एक अंगभूत अडचण उघड होते. न्यायालय ‘पुरेसे सिद्ध झाले नाही’ असे म्हणू शकते. चित्रपटाला ते वाक्य उच्चारणे अवघड. कॅमेऱ्याला हात दाखवावा लागतो, किंवा दाखविणे टाळावे लागते. दोन्हींतून निवाडा होतोच. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही चित्रपटसृष्टीची नेहमीची ग्वाही अशा वेळी कायद्यापुरती खरी असते. नाव बदललेले पात्र निर्मात्याच्या दृष्टीने काल्पनिक, गोदाकाठच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ओळखीचे, आणि कायद्याच्या दृष्टीने ज्या खऱ्या माणसावर दोष ठेवता आला नाही त्याची सावली. सोझेची संदिग्धता पटकथेने घडविलेली आहे. ही संदिग्धता कोणी घडविली नाही. न्यायालयाचा संशय आणि लोकांची खात्री यांच्यामध्ये राहिलेल्या अंतरात ती आपोआप उभी राहिली. अशा पात्राचा अर्थ लावणाऱ्याने दोन गोष्टी अलग ठेवणे आवश्यक आहे. कोणी केले याबद्दल संशय असू शकतो, आणि तो आदरानेच बाळगला पाहिजे, कारण निर्दोष ठरलेल्याला समीक्षकाने पुन्हा आरोपी करू नये. कोणाचे काय झाले याबद्दल मात्र संशय नाही. पहिल्या ठिकाणची अनिश्चितता दुसऱ्या ठिकाणी पसरू देणे, ही अलीकडच्या सिद्धान्तव्यवहारातील एक सुखासीन चूक आहे. संहितेला अनेक अर्थ असतात असे म्हणता म्हणता, जे गेले त्यांच्या जाण्यालाही अनेक अर्थ असल्यासारखे आपण बोलू लागतो.

ही चूक आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो, हे प्राध्यापकांनी स्वतःशी मान्य केले. जहाजावरच्या मृतांची नावे काय, असा प्रश्न त्यांच्या वर्गात कधी निघाला नव्हता. त्यांनीही काढला नव्हता. २०१३ साली महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. त्या कायद्याला मुंजा आहे की नाही याच्याशी कर्तव्य नाही. त्याच्या नावावर माणूस काय करतो, एवढेच तो पाहतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर याच दिशेला होते. निवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांत हा तास घेताना ते फळ्यावर तीन प्रश्न लिहीत : याच्याविषयी कोणी सांगितले? सांगणाऱ्याखेरीज पुष्टी कोणाची? त्याच्या नावाने कोणाचा बांध सरकला? सोझे आहे की नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायचे थांबविले नाही. पण तो आता चौथा येऊ लागला.

२०२४च्या ऑक्टोबरात ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका आली. आशुतोष गोवारीकरांनी त्यात रमाकांत कुलकर्णींची भूमिका केली. ‘आक्रीत’च्या केंद्रस्थानी करणारे होते, चार दशकांनी केंद्र शोधणाऱ्याकडे सरकले. निवृत्त प्राध्यापकांनी ती आपल्या थोरल्या बहिणीसोबत पाहिली. बहीण दिवाळीसाठी माहेरी आली होती. पहिला भाग संपल्यावर त्यांनी विचारले, “अक्का, तेव्हा तू नेमकी कुणाला भ्यायचीस गं?”

तिने बराच वेळ आठवून पाहिले. तिला तो साधू आठवेना, ती जीप आठवेना, आजीचे ‘काहीतरी’ही नीट आठवेना.

“कुणाला भ्यायचे ते नाही सांगता येत,” ती म्हणाली. “सातवीचं भूगोलाचं पुस्तक नवं कोरं होतं. त्याला घातलेलं कव्हर आठवतं.”